पाऊस बी तं झाला ना, भाऊ! अर्थशास्त्राचा सेमिनार आणि आकड्यांची उलटतपासणी

जलयुक्त शिवार योजना डिसेंबर 2014 मध्ये सुरू झाली. 2014 आणि 2015 हे दोन्ही पावसाळे राज्यात तुटीचे गेले, 2016 चा बरा झाला. त्या दिवाळीनंतर गावोगावी एकच वाद रंगला. नाला खोल केला म्हणून विहिरीला पाणी आलं, असं सरपंच सांगायचे. चौकातल्या फ्लेक्सवर फोटोही असायचे, आधीचा कोरडा नाला आणि नंतरचा तुडुंब भरलेला. आणि पारावर बसलेला एखादा म्हातारा तंबाखू मळता मळता म्हणायचा, "पाऊस बी तं झाला ना, भाऊ!"

अर्थशास्त्राच्या संशोधन-सेमिनारमध्ये दीड तास जे चालतं ते याच वाक्याभोवती चालतं. भाषा वेगळी असते, पडद्यावर तक्ते असतात, म्हाताऱ्याच्या जागी चष्मा लावलेली बाई किंवा बुवा असतो. आक्षेप मात्र हाच.

सेमिनार म्हटलं की आपल्याकडे कॉलेजातलं राष्ट्रीय चर्चासत्र डोळ्यांपुढे येतं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, लांबलेलं बीजभाषण, मग एकेकाला सात-आठ मिनिटं, वेळेअभावी प्रश्न नाहीत, जेवण, प्रमाणपत्र. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात शिकवत असल्यामुळे या प्रकाराशी माझा जुना परिचय आहे. जेवण बहुधा चांगलं असतं. पण संशोधन-सेमिनार ही वस्तू निराळी. तिथे एकच माणूस आणि त्याचा एकच निबंध असतो, तोही छापून न आलेला, कच्चा. सव्वा-दीड तास मिळतो आणि ऐकणारे शेवटपर्यंत गप्प बसत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडलाच कुणीतरी अडवतो. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट (1930 पासूनची), मुंबईत रिझर्व्ह बँकेनं 1987 साली उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशा ठिकाणी हे नेहमीचंच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, भांडण चाललंय. ती खरं तर मदत असते. निबंध छापून आल्यावर चूक सापडण्यापेक्षा आज इथे सापडलेली बरी.

प्रश्न पुष्कळ येतात, पण बहुतेकांच्या मुळाशी एकच असतो: ते केलं नसतं तर काय झालं असतं?

नाला खोल केलेल्या गावात पाण्याची पातळी आज किती, हे मोजता येतं. त्याच गावात, त्याच वर्षी, नाला खोल केला नसता तर ती किती असती, हे कुणीच मोजू शकत नाही. तो आकडा तलाठ्याच्या दप्तरात नाही आणि भूजल सर्वेक्षणवाल्यांकडेही नाही, कारण ते गाव अस्तित्वातच नाही. योजनेचा परिणाम म्हणजे या दोन आकड्यांतला फरक आणि त्यातला एक आकडा कायमचा हरवलेला. मग करायचं काय? त्याच्या जागी उभं राहू शकेल असं दुसरं गाव शोधायचं. अर्थशास्त्रातल्या सगळ्या भारदस्त नावांच्या पद्धती म्हणजे हे दुसरं गाव कसं निवडायचं याच्या तऱ्हा आहेत. ते गाव चुकलं की पुढचं गणित कितीही अवघड असू द्या, उत्तर चुकणार.

निवड कशी चुकते याचं आपल्या घरचंच उदाहरण घेऊ. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि 3,750 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. ते सहा जिल्ह्यांसाठी होतं: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा. विदर्भातले उरलेले पाच जिल्हे त्यात नव्हते. आता समजा, काही वर्षांनी एखाद्यानं हिशेब मांडला की पॅकेज मिळालेल्या जिल्ह्यांतला शेतकरी न मिळालेल्या जिल्ह्यांतल्यापेक्षा जास्त अडचणीत आहे, म्हणजे पॅकेज फसलं. हे म्हणजे दवाखान्यातली माणसं घरच्यांपेक्षा जास्त आजारी दिसतात म्हणून दवाखान्याला दोष देण्यासारखं झालं. ते सहा जिल्हे निवडले गेले तेच मुळी तिथली स्थिती वाईट होती म्हणून. शिवाय गोंदिया-भंडाऱ्यात धान, इकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. पावसाचं मान वेगळं, तळ्यांची सोय वेगळी, कर्जाचा बाज वेगळा. भंडाऱ्याला यवतमाळच्या जागी उभं करायचं कसं?

उलटी चूकही तितकीच सोपी आहे आणि सरकारी अहवालांत तीच जास्त सापडते. सगळ्यांत वाईट वर्ष पाहून गाव निवडलं, तर पुढच्या वर्षी ते थोडंफार सावरतंच, कारण इतकं वाईट वर्ष लागोपाठ दुसऱ्यांदा येणं तसं कमीच. मग जे आपसूक झालं त्याचं श्रेय योजनेला मिळतं. फ्लेक्सवरचे आधीचे आणि नंतरचे फोटो हे याच जातीचे. नुसता आधीचा-नंतरचा आकडा दाखवणाऱ्याला सेमिनारमध्ये दहा मिनिटंही पुढे जाऊ देत नाहीत.

मग चांगली तुलना कशी दिसते? त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, गडचिरोलीत पाहायला मिळते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बाईला शिकवायचं, तिनं घरी जाऊन बाळाचं वजन घ्यायचं, ऊब आणि स्तनपान पाहायचं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायचा. विषय आरोग्याचा आहे, पण हिशेबाची रीत अर्थशास्त्रवाल्यांच्या रोजच्या वापरातली आहे. 39 गावांत हे काम झालं. 47 गावांत झालं नाही, तिथे फक्त जन्म-मृत्यूची नोंद ठेवली. काम सुरू होण्याआधी, 1993 ते 1995 या काळात, पहिल्या गावांत दर हजार जन्मांमागे 62 नवजात दगावत होते आणि दुसऱ्या गावांत सुमारे 58. तिसऱ्या वर्षी, म्हणजे 1997-98 मध्ये, पहिल्या गावांत हा आकडा 25.5 वर आला. दुसऱ्या गावांत तो 59.6 होता.

आता इथे जरा थांबून हिशेब करा. पहिल्या गावांत घट 36.5. ती सगळीच्या सगळी प्रयोगाची म्हणायची का? नाही. त्या तीन वर्षांत रस्ते झाले असतील, पिकं बरी आली असतील, दवाखाना सुधारला असेल. पण ते सगळं शेजारच्या 47 गावांतही झालं असणार. तिथे मात्र आकडा घटला नाही, उलट जवळजवळ 2 नं वाढला. म्हणजे प्रयोग झाला नसता तर पहिल्या गावांतही साधारण तेवढीच वाढ झाली असती, असं धरायला जागा आहे. फरकातला फरक काढला की 38 च्या आसपास येतो. 62 वर 38 म्हणजे सुमारे 62 टक्के घट. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 1999 साली जो आकडा जगानं वाचला तो हाच. पुढे आशाताईंच्या कामात घरी जाऊन बाळ तपासणं आलं, त्यामागे हे गणित आहे.

चार आकडे, तीन वजाबाक्या. दहावीचा पोरगा करेल. कस लागतो तो त्या आकड्यांच्या पाठीशी असलेल्या गृहीतकावर, की दोन्हीकडच्या गावांची चाल प्रयोग नसता तर सारखीच राहिली असती. सेमिनारमध्ये उलटतपासणी होते ती इथेच. आधीच्या पाच-सात वर्षांचे आकडे दाखवा, दोन्ही रेषा समांतर जात होत्या का? प्रयोगाच्या गावांत त्याच काळात दुसरी एखादी योजना आली होती का? आणि एक प्रश्न असा, जो पाण्याच्या योजनांवर बोलणाऱ्यानं आधीच तयार ठेवावा: वरच्या गावानं पाणी अडवलं म्हणून खालच्या गावाच्या विहिरी आटल्या, असं तर नाही? तसं असेल आणि तुम्ही खालचं गाव तुलनेला घेतलं असेल, तर वरच्याचा फायदा आणि खालच्याचा तोटा मिळून तुमच्या तक्त्यात योजनेचा परिणाम फुगून दिसेल. एकाच नाल्यावरची दोन गावं शेजारी असली तरी तुलनेला नालायक ठरतात, ती अशी.

हीच रीत रोजगार हमीवर लावली गेली. केंद्राचा रोजगार हमी कायदा फेब्रुवारी 2006 मध्ये आधी देशातल्या 200 जिल्ह्यांत लागू झाला, मग आणखी 130 जिल्ह्यांत आणि एप्रिल 2008 पासून उरलेल्या सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत. यवतमाळ पहिल्या यादीत होतं, वर्धा दुसऱ्या, नागपूर शेवटच्या. म्हणजे दोन वर्षं असं चित्र होतं की काही जिल्ह्यांत कायदा आहे आणि काहींत अजून यायचा आहे. संशोधकांना असं टप्प्याटप्प्यानं काही घडलं की आनंद होतो. इंबेर आणि पॅप या दोघांनी 2015 साली छापलेल्या अभ्यासात आधी कायदा आलेल्या आणि उशिरा आलेल्या जिल्ह्यांतल्या मजुरीची अशी तुलना केली. खासगी कामांवरची रोजंदारी सुमारे 5 टक्क्यांनी वाढली, तीही पावसाळ्याबाहेरच्या कोरड्या महिन्यांत, असं त्यांना दिसलं. ज्या महिन्यांत रोजगार हमीची कामं निघत तेच हे महिने, म्हणून उत्तर पटतं.

पण हा निबंध महाराष्ट्रापुरता करायचा ठरवलात तर? सेमिनारमध्ये कुणीतरी नक्की म्हणेल, अहो, तुमच्याकडे तर रोजगार हमी 1972 च्या दुष्काळापासून आहे, वि. स. पागे यांनी मांडलेली, 1977 साली तिचा कायदाही झाला. मग 2006 च्या आधी यवतमाळात काहीच नव्हतं असं धरून कसं चालेल? बरोबर आहे. इथला 'आधीचा' आकडा शून्यावर उभा नाही. देशासाठी चालणारी तुलना आपल्या राज्यासाठी लंगडी पडते. स्थानिक माणसानं सेमिनारला जावं ते अशा प्रश्नांसाठी. दिल्लीतल्या माणसाला हा प्रश्न सुचेलच असं नाही. ज्यानं 'रोहयो'च्या गिट्टीचे ढीग पाहिलेत त्याला सुचतोच.

दुसरी एक तऱ्हा मला फार आवडते, कारण ती सरकारी नियमाच्या आंधळेपणातून जन्मते. 2008 ची केंद्राची कर्जमाफी आठवा. दोन हेक्टरांपर्यंत जमीन असणाऱ्याचं थकीत पीककर्ज पूर्ण माफ, त्यावरच्याला 25 टक्के सवलत, तीही बाकीचं भरलं तर. वऱ्हाडात यावर किती चिडचीड झाली! कोरडवाहू रानात सहा-सात एकरवाला काही श्रीमंत नसतो. ओलिताच्या तीन एकरांपुढे त्याचे सात एकर फिके पडतात. तक्रार खरीच होती. पण संशोधकाला त्या रेघेत वेगळंच काही दिसतं. 1.9 हेक्टरवाला आणि 2.1 हेक्टरवाला, दोघांत असा फरक तो काय? तेच रान, तीच सोसायटी, तीच बोंडअळी. एकाचं सगळं माफ झालं, दुसऱ्याचं नाही. म्हणजे रेघेच्या अलीकडचा आणि पलीकडचा शेतकरी एकमेकांचे हरवलेले आकडे म्हणून चालतात.

इथे गावातला चतुर माणूस लगेच विचारेल, "काहून, रात्रीतून भावाच्या नावानं अर्धा एकर केला असंल तं?" हा अगदी पक्का सेमिनारी प्रश्न आहे. लोकांना रेघ आधी माहीत असेल तर ते सरकून सोयीच्या बाजूला येतात आणि तुलना मोडते. या कर्जमाफीत तसं करायला वाव कमी होता, कारण जमीन मोजायची ती कर्ज मंजूर झालं त्या वेळची. कर्ज मार्च 2007 पर्यंतचं हवं होतं आणि घोषणा झाली फेब्रुवारी 2008 च्या अर्थसंकल्पात. मागे जाऊन फेरफार कसा करणार? मार्टिन कान्झ यांनी गुजरातमधल्या चार जिल्ह्यांत या रेघेच्या दोन्ही बाजूंची कुटुंबं तपासली. माफी मिळालेल्यांचं कर्ज उतरलं, पण शेतीत नवी गुंतवणूक वाढल्याचं दिसलं नाही. हाच अभ्यास यवतमाळात करायला गेलात की नवं कोडं: महाराष्ट्र सरकारनं दोन हेक्टरांवरच्यांसाठी नंतर स्वतंत्र सवलत दिली. म्हणजे रेघेच्या पलीकडचाही पूर्ण कोरडा राहिला नाही. आणि या पद्धतीची एक मर्यादा कायमचीच. ती रेघेजवळच्या माणसाबद्दल बोलते. पंधरा एकरवाल्याला माफी मिळाली असती तर त्यानं काय केलं असतं, यावर ती गप्प आहे.

चिठ्ठ्या टाकून गावं निवडण्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ते सगळ्यांत सोपं आहे आणि त्याचा बोलबालाही खूप झालाय. 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना यासाठीच मिळालं. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या गावांचे बॅनर्जी, दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठी पद्धतीनं गट केले. काही गावांत न चुकता लसीकरण शिबिर, काहींत शिबिर आणि वर प्रत्येक लशीला एक किलो डाळ, काहींत काहीच नाही. पूर्ण लसीकरण झालेली बालकं अनुक्रमे 18, 39 आणि 6 टक्के निघाली. चिठ्ठीनं निवडलेलं असल्यामुळे 'ती गावं मुळातच वेगळी होती' हा आक्षेप उरत नाही. पण धरण किंवा हमीभाव चिठ्ठी टाकून वाटता येत नाही. आपले मोठे प्रश्न बहुतेक या जातीचे, म्हणून वरच्या दोन तऱ्हा शिकाव्या लागतात.

आता शिकण्याकडे येतो. उपयोजित डेटा विश्लेषणाचे छोटे कोर्स गेल्या काही वर्षांत खूप निघाले आहेत. आयसीएसएसआरच्या (केंद्राच्या सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या) मदतीनं विद्यापीठांत दहा दिवसांचे चालतात, काही संस्था आठवड्याचे घेतात, काही ऑनलाइन आहेत. आमच्याकडची पोरं जातात आणि परत आल्यावर सांगतात, सर, रिग्रेशन (एका रकान्याचा दुसऱ्याशी संबंध काढायचं गणित) शिकलो. मी विचारतो, कशाचं? बऱ्याचदा उत्तर येतं, त्यांनी एक फाइल दिली होती.

माझं या कोर्सेसबद्दलचं मत असं की यातले बरेचसे चुकीच्या टोकापासून सुरू होतात. पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर उघडतात, तिसऱ्या दिवशी रिग्रेशन चालवतात, पाचव्या दिवशी तक्त्यात तारे मोजतात, म्हणजे 'हा आकडा निव्वळ योगायोग नसावा' असं सांगणाऱ्या खुणा. फाइल कुणी भरली, कशी भरली, हे कुणी विचारत नाही. खरं काम तिथे असतं. अनुभवी संशोधकाचाही बराचसा वेळ आकडे पुसून-धुऊन घेण्यात जातो.

एक नमुना दाखवतो. समजा कापसाच्या उत्पादनाचा रकाना आहे आणि त्यात चार ओळींत चार आकडे आहेत: 8, 20, 670 आणि 4. नवशिक्याला वाटतं, 670 नक्कीच टायपिंगची चूक, काढून टाका. थांबा. शेतकऱ्यानं सांगितलं, एकरी 8 क्विंटल कापूस. एका हेक्टरात 2.47 एकर, म्हणून तेच हेक्टरी सुमारे 20 क्विंटल झालं. पण सरकारी आकडेवारी सरकीसकट कापूस मोजत नाही, रुई मोजते आणि जिनिंगमध्ये कापसाची रुई साधारण एक तृतीयांशाच्या किंचित वर पडते, 34 टक्के धरा. त्या 20 क्विंटलांची (नेमके 19.76) रुई झाली सुमारे 670 किलो. व्यापाराच्या आकड्यांत रुई गाठींत मोजतात, गाठ 170 किलोची, म्हणजे हेक्टरी सुमारे 4 गाठी. चारही आकडे एकाच रानातल्या एकाच पिकाचे असू शकतात! कुठल्याही मशीनला हे कळणार नाही. सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर बापासोबत गाडी घेऊन गेलेल्या पोराला कळेल. इतकं ज्ञान घेऊन आमची पोरं कोर्सला जातात आणि इंग्रजी येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसतात, याचं मला वाईट वाटतं.

गावांच्या नावांचंही असंच. एका फाइलमध्ये पाऊस, दुसऱ्या फाइलमध्ये पीक, दोन्ही गावाच्या नावावरून जोडायच्या. वडगाव किती? पिंपळगाव किती? बोरगाव किती? एकेका तालुक्यात दोन-दोन सापडतात आणि रोमन लिपीत वडगाव कुणी व्हीनं लिहितो, कुणी डब्ल्यूनं. नावावरून जोडलं की एका वडगावचा पाऊस दुसऱ्या वडगावच्या पिकावर पडतो. त्यासाठी 2011 च्या जनगणनेतला गावाचा सहा आकडी कोड धरून जोडणं, ही पहिली सवय लावायची. मग रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक. विहिरीची पातळी मोजायला कुणी गेलंच नाही म्हणून पडलेला शून्य आणि खरोखर आटलेल्या विहिरीचा शून्य फाइलमध्ये सारखेच दिसतात. मग माणसांचे गोल आकडे: वय विचारलं की चाळीस, पंचेचाळीस, पन्नास, जमीन विचारली की पाच एकर. पाच एकर म्हणजे 2.02 हेक्टर, ऐन त्या कर्जमाफीच्या रेघेवर. तोंडी उत्तरांवर तो अभ्यास केलात तर रेघेजवळच माणसांचा ढीग दिसेल आणि तो बनावट असेल. सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर घ्या.

सरासरीवर एकच गोष्ट बोलतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 77 व्या फेरीत, 2019 साली, देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये निघालं. हा आकडा खोटा नाही. पण पन्नास एकरवाला आणि दीड एकरवाला एकत्र करून काढलेल्या सरासरीइतकं उत्पन्न असलेलं घर गावात शोधायला निघालात तर पायपीट होईल. ओळीनं उभं करून मधल्या माणसाला काय मिळतं ते पाहा, मग सरासरी छापा.

यापेक्षा महत्त्वाची आणि कोर्समध्ये घाईत उरकली जाणारी गोष्ट म्हणजे किती माणसं विचारली याचा खरा अर्थ. एम.ए.चा विद्यार्थी अभिमानानं सांगतो, सर, दोनशे शेतकऱ्यांचा सर्व्हे केला. किती गावांत? चार गावांत. मग तुझ्याकडे दोनशे स्वतंत्र साक्षीदार नाहीत, चाराच्या जरा वर आहेत. 2017 साली गुलाबी बोंडअळी आली ती गावातला एकेक शेतकरी निवडून आली नाही, सगळं शिवार घेऊन गेली. पाऊस, भाव, सोसायटीचा सचिव, सगळं गावाला सामाईक. पीकविमा घेणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. नुकसान माझ्या रानात आणि सरासरी सर्कलची, हा त्याचा दरवर्षीचा राग असतो. आकडेशास्त्र तीच सामाईकता उलट बाजूनं बघतं: एका गावातले पन्नास जण एकमेकांसारखे, म्हणून खात्री वाढवायची तर शेतकरी कमी आणि गावं जास्त घ्या. चार गावांत पन्नास-पन्नासऐवजी चाळीस गावांत पाच-पाच. खर्च वाढतो, मोटरसायकलचं पेट्रोल लागतं, गाइडला पटवावं लागतं. पण सेमिनारमध्ये 'गावपातळीचा गट धरून अंदाजातली चूक मोजली का?' असा प्रश्न आला की उत्तर देता येतं. नाही धरली तर तक्त्यात तारे भरपूर उगवतात आणि ते बहुतेक फसवे असतात.

सॉफ्टवेअरची चिंता करू नका. स्टाटा विकत घ्यावं लागतं, आर फुकट आहे, सुरुवातीला एक्सेलवर भागतं. एवढंच पाळा की केलेली प्रत्येक दुरुस्ती आज्ञांच्या फाइलमध्ये लिहिलेली असावी, हातानं आकडा खोडून बदलू नये. सहा महिन्यांनी कुणी विचारलं, हा 670 कुठे गेला, तर दाखवता आलं पाहिजे.

आकडेही आता तसे हाताशी आहेत. नमुना सर्वेक्षणाच्या कुटुंबनिहाय फाइल्स केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. बाजार समित्यांचे रोजचे भाव अ‍ॅगमार्कनेटवर आहेत. महसूल मंडळांत महावेधची हवामान केंद्रं बसली आहेत. पाऊस आणि सोयाबीनची आवक, एवढ्या दोन रकान्यांवरही आपल्या तालुक्याचा पहिला तक्ता होतो.

प्रकल्पाला विषय हवा असेल तर एक सुचवतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. त्याआधी सातबाऱ्यावरचा पीकपेरा तलाठी लिहायचे, कधी शिवारात जाऊन, कधी खुर्चीत बसून. आता शेतकरी स्वतः मोबाइलवर फोटो काढून टाकतो, रेंज मिळाली तर. तुमच्या गावात 2021 नंतर कपाशीचं क्षेत्र एकदम वाढलेलं किंवा तुरीचं आंतरपीक अचानक उगवलेलं दिसलं, तर रानात काही बदललं की नुसती लिहिण्याची रीत? जिथे ॲपवर नोंदी लवकर वाढल्या आणि जिथे उशिरा, अशा गावांच्या दोन रेषा काढा, आधीच्या वर्षांसकट. 2021 पाशी एक उभी रेघ मारा. आणि मांडायला जाताना रेघेच्या दोन्ही बाजूंचे पाच-पंचवीस सातबारे झेरॉक्स करून पिशवीत ठेवा, कारण पहिला प्रश्न तिथूनच येणार आहे.